बंगल्यांच्या लॉनची देखभाल: या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

अलिबागजवळच्या आवास, किहीम, थळ या गावांमधल्या बंगल्यांवर गुरुवारी दुपारी गेलात तर मालक कुठेच दिसणार नाही. केअरटेकर असतो, त्याची बायको असते, कुत्रा असतो. मालक शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरतो, गाडी फाटकातून आत येते आणि दिव्याच्या उजेडात त्याला पहिली दिसते ती हिरवळ. रविवारी तो परत जातो. उरलेले पाच दिवस ती हिरवळ तुमच्या भरवशावर असते.

पुण्यात प्रभात रोडला किंवा बाणेर-पाषाणच्या टेकडीकडे मालक रोज घरी असतो, पण तो सकाळी निघतो आणि रात्री येतो. लोणावळ्यात महिनोन्‌महिने येत नाही. म्हणजे तिन्ही ठिकाणी तुम्ही रिकाम्या घरात काम करता. गवत कापायला शिकणं तुलनेने सोपं आहे. मालक समोर नसताना त्याच्या घरात कसं वागायचं आणि बागेत काही बिघडलं तर ते त्याला दिसायच्या आत कसं सांगायचं, हे या धंद्यातलं खरं काम आहे. माझी बहुतेक गिऱ्हाइकं दहा-बारा वर्षं टिकली ती याच्यामुळे. म्हणून खाली लॉनइतकंच सांगण्या-बोलण्याबद्दलही लिहिलं आहे.

आधी गवत ओळखा

आपल्याकडे बंगल्यांत बहुतेक वेळा चार-पाचच प्रकार भेटतात. भरपूर ऊन असलेल्या ठिकाणी सिलेक्शन वन, म्हणजे आपल्या हरळीचीच बारीक पानाची जात. तिला सावली अजिबात चालत नाही. मेक्सिकन नावाने विकलं जाणारं गवत दाट, मऊ आणि हळू वाढणारं. दिसायला सुंदर, पण पाणी साचलं की कुजतं आणि कापणी चुकली की त्याचे उंचवटे होतात. झाडाखाली रुंद पानाचं बफेलो लावतात. समुद्रालगत, जिथे मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, तिथे पास्पालम टिकतं, कारण त्याला खारं पाणी सोसतं.

मालक सांगेल, "मेक्सिकन लावा, मित्राकडे बघितलंय." मित्राकडे ऊन असेल आणि इथे दोन मोठे आंबे असतील. अशा वेळी हो म्हणू नका. आंब्याखाली एक चौरस मीटर तुकडा लावून दीड महिना दाखवा. डोळ्यांनी बघितल्यावर कोणी वाद घालत नाही.

पहिली भेट

पहिल्या भेटीला मोजपट्टी, लांब पेचकस, खुरपं आणि वही न्या. मशीन नेऊ नका.

लॉनचं क्षेत्रफळ स्वतः मोजा. मालक गुंठ्यांत बोलतो, आर्किटेक्ट स्क्वेअर फुटांत बोलतो, आणि "पाच गुंठे लॉन" म्हणताना त्यात पोहण्याचा तलाव आणि पार्किंगही धरलेलं असतं. एक गुंठा म्हणजे 1089 स्क्वेअर फूट. निव्वळ गवत किती, ते तुमच्या वहीत हवं.

मग पेचकस जमिनीत दाबून बघा. चार इंच सहज गेला तर माती चांगली. दोन इंचांवर अडला तर खाली मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा आहे. नव्या बंगल्यांत हे फार दिसतं: ठेकेदार विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल पसरून वर जेमतेम लाल माती टाकतो, त्यावर गवताचे गालिचे अंथरतो आणि निघून जातो. पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळं छान दिसतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी पिवळं पडायला लागतं आणि ठपका देखभाल करणाऱ्यावर येतो. म्हणून काम घ्यायच्या आधी एका कोपऱ्यात फूटभर खणून फोटो काढा आणि तो मालकाला पाठवा.

पाणी कुठून येतं ते विचारा: बोअर, विहीर, नळ की टँकर. कुत्री किती, तेही विचारा. कुत्र्याच्या लघवीने मधे पिवळा आणि कडेने गर्द हिरवा असा गोल डाग पडतो. नवखा माणूस त्याला बुरशी समजून फवारा मारत बसतो. तिथे लगेच भरपूर पाणी ओतणं एवढाच उपाय आहे, आणि तो केअरटेकरला शिकवावा लागतो.

पाण्याचा हिशोब कागदावर द्या

हा भाग नवीन मुलं टाळतात, आणि विश्वास बसायला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 5000 स्क्वेअर फूट लॉन म्हणजे साधारण 465 चौरस मीटर. एप्रिल-मे मध्ये दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तर रोजचे सुमारे 2300 लिटर आणि महिन्याचे जवळजवळ 70,000. दहा हजार लिटरचे सात टँकर. हा आकडा मालकाला जानेवारीतच दाखवा. मे महिन्यात बोअर आटल्यावर दाखवलात तर त्याला ती सबब वाटते.

मी तर यापुढे जाऊन सांगतो की एवढं लॉन ठेवू नका. घरासमोरचं, जिथे बसता-उठता तेवढं ठेवा, मागच्या बाजूला स्थानिक झुडपं लावा. यात माझं महिन्याचं बिल कमी होतं. तरीही सांगतो, कारण ज्या गावाच्या भूजलावर तो बंगला उभा आहे, त्याच गावातल्या बायका मे महिन्यात हंडे घेऊन उभ्या असतात. बऱ्याच मालकांना हे कोणी बोलून दाखवलेलंच नसतं, आणि सांगितल्यावर ते ऐकतात.

स्प्रिंकलर असतील तर त्यांची परीक्षा घ्या. सरळ भिंतीचे आठ-दहा सारखे डबे लॉनवर अंतराअंतराने ठेवा, पंधरा मिनिटं पाणी सोडा, मग फूटपट्टीने प्रत्येक डब्यातलं पाणी मोजा. एका डब्यात सात मिलिमीटर आणि दुसऱ्यात दोन निघाले की पिवळ्या पट्ट्याचं कारण तिथेच कळतं. नोझल साफ केलं की अर्धी दुखणी जातात. पाण्याची वेळ पहाटेची, पाच ते सातच्या मधली. रात्री दिलं तर पान रात्रभर ओलं राहतं आणि बुरशी धरते.

दर कसा सांगायचा

शेजारचा माळी किती घेतो ते विचारून त्यापेक्षा हजार रुपये कमी सांगू नका. आपला खर्च मोजा: किती माणसं, किती तास, महिन्यातून किती फेऱ्या, पेट्रोल, ब्लेडची धार, येण्याजाण्याचा वेळ, पावसाळ्यात वाया जाणारे दिवस. त्यावर तुमचा नफा. अलिबागला एका फेरीत रस्त्यातच दोन-तीन तास जातात, ते धरले नाहीत तर वर्षअखेरीस हातात काही उरत नाही.

महिन्याच्या रकमेत काय येतं आणि काय येत नाही, ते मराठीत आणि इंग्रजीत एका पानावर लिहून द्या. कापणी, कडा काढणं, तण, खत, पाण्याची तपासणी आत. नवीन माती, नवीन गवत, झाडांची छाटणी, पार्टीनंतरची दुरुस्ती बाहेर. वाद होतो तो नेहमी "हे यात येत नाही का?" यावरूनच.

खत-मातीच्या खरेदीत नर्सरीवाला तुम्हाला कमिशन देऊ करेल. घेऊ नका. नर्सरीचं मूळ बिल जसंच्या तसं मालकाला द्या आणि आणण्या-पसरण्याची मजुरी वेगळी लावा. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनकडे नर्सऱ्यांची रांगच आहे; मालक एखाद्या रविवारी स्वतः तिकडे गेला तर त्याला भाव कळायला दहा मिनिटं लागतात.

धंदा वाढला की वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर जीएसटीची नोंदणी लागते. पण पहिल्या दिवसापासून छापील बिल आणि धंद्याच्या नावाचं बँक खातं ठेवा. या घरांचे पैसे पुष्कळदा साहेबांच्या ऑफिसातला अकाउंटंट देतो आणि त्याला कागद लागतो.

केअरटेकर

बंगल्यावर तुमचा साहेब तोच. तिथे तो बारा महिने राहतो, पाण्याचा कॉक त्याच्या हातात असतो, आणि तुम्ही गेल्यावर कुत्रा लॉनवर सोडायचा की नाही हेही तोच ठरवतो. त्याच्या हाताखालच्या कामात चुका काढत मालकाशी परस्पर बोललात तर तुमचं लॉन वाळणार हे नक्की समजा. आधी त्याला सांगा, "काका, या कोपऱ्यात पाणी कमी पडतंय, आपण दोघं मिळून बघू." मालकाला पाठवायच्या निरोपात त्याचंही नाव घ्या.

तरी एक मर्यादा ठेवा. तो म्हणेल, "चार फेऱ्यांच्या तीनच करा, सही मी देतो." तिथे नम्रपणे नाही म्हणा.

घरात शिरायचं नाही, शौचालय कुठलं वापरायचं ते विचारून घ्यायचं, जेवण आपापल्या डब्यातलं. घराचे, गाड्यांचे, पाहुण्यांचे फोटो काढायचे नाहीत. एखादा ओळखीचा चेहरा तलावाशी दिसला तरी आपल्या कामावरच्या मुलांनी मोबाइल खिशातच ठेवायचा. आपल्या कामाच्या जाहिरातीसाठी लॉनचा फोटो हवा असेल तर लेखी विचारा आणि घर ओळखू येणार नाही असा काढा. पुण्यात मशीन सकाळी आठच्या आधी आणि दुपारी एक ते चार सुरू करू नका. सुट्टीच्या बंगल्यांची कामं बुधवार-गुरुवारी उरकायची, म्हणजे शुक्रवारी कापल्याचा वास आणि कचरा दोन्ही नसतात.

कापणी

एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, हा नियम मोडला की लॉन पांढरं पडतं. तीन आठवडे खंड पडला आणि गवत गुडघ्याकडे निघालं, तर दोन-तीन टप्प्यांत खाली आणा. सिलेक्शन वन एक ते दीड इंचावर ठेवा, सावलीतलं बफेलो अडीच इंचांच्या आसपास. कापल्यावर दुसऱ्या दिवशी पानांची टोकं फाटलेली आणि तपकिरी दिसली तर ब्लेडला धार नाही. कापणीची दिशा दर वेळी बदला.

ब्रश कटर कडांसाठी आहे. सबंध लॉन त्याने कापणारी माणसं पुष्कळ आहेत. लाटा लाटा दिसतात आणि झाडांच्या बुंध्यांची साल सोलली जाते. मुलांना गॉगल आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट सक्तीचे करा. कोकणात आणि लोणावळ्याकडे वाढलेल्या गवतात घोणस असते. चावलीच तर गावठी उपचारात वेळ न घालवता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. त्या रुग्णालयाचा नंबर प्रत्येक गाडीत लिहून ठेवा.

वर्षाची चाल

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, हरळीच्या जाती मंदावतात आणि रंग उतरतो. त्या वेळी युरिया मारून जबरदस्ती करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये लॉन खरवडायचं, खालचं वाळकं काढायचं आणि वाळू, गांडूळखत, चाळलेली माती सारख्या प्रमाणात मिसळून पाव इंच थर द्यायचा. 5000 स्क्वेअर फुटांना साधारण एक ब्रास (100 घनफूट) लागतो. थर दिल्यावर पंधरा दिवस लॉन कुरूप दिसतं. हे आधी कळवा, नाहीतर मालक पाहुण्यांना घेऊन नेमका तेव्हाच येतो.

माती आणली की लगेच पसरू नका. ढिगाला पाणी मारून दोन आठवडे थांबा. मातीत लव्हाळा हे तण असेल तर तेवढ्यात वर येतं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात आणि नुसता शेंडा उपटला तर गाठीतून पुन्हा फुटतो. ओल्या मातीत खुरप्याने गाठीसकट काढायचा, दर आठवड्याला, दोन हंगाम. "लव्हाळा कायमचा संपवतो" असं वचन मी कोणाला देत नाही.

मे अखेरीस, पहिला वळीव पडला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. हीच पुढच्या हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीची आई. फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. दिव्याखाली घमेलं ठेवूनही पुष्कळ सापडतात. ऑगस्टमध्ये लॉन सतरंजीसारखं उचलून हातात आलं तर मुळं हुमणीने खाल्लेली असतात. फूटभर चौकोन उकरून अळ्या मोजा. ओल असताना मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून दिली तर चांगली लागू पडते. जुने माळी अजून "थिमेट टाका" म्हणतात. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, आणि त्यावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. ज्या गवतावर मुलं अनवाणी खेळतात तिथे ते कधीच टाकायला नको होतं. ग्लायफोसेट या तणनाशकावरही 2022 मध्ये केंद्राने निर्बंध आणले. ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं असं ठरवलं गेलं. तण मारायला दुकानातून बाटली आणून तुम्ही फवारायची नाही.

पावसाळ्यात लोणावळ्याचं लॉन हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे पाऊस चार-चार हजार मिलिमीटर पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. चिखलात जड मशीन घातलं तर चाकांच्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत जात नाहीत. उघडीप मिळाली तर हलकं मशीन, उंच कापणी, नाहीतर थांबायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यातच कळवून टाका की जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ येईल, गवत वाढलेलं दिसेल आणि आम्ही त्या काळात चाऱ्या मोकळ्या ठेवण्यावर भर देऊ.

खताचं प्रमाण मोजून: युरिया हजार स्क्वेअर फुटांना अर्ध्या किलोच्या वर एका वेळी नको, पान कोरडं असताना फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. ऑक्टोबरच्या उन्हात गवत जोमाने वाढतं, तेव्हा दिवाळीच्या वीस दिवस आधी खताचा एक हात द्या.

एका दिवाळीची गोष्ट

माझं चौथं वर्ष असेल. पुण्यातलं घर, मॅडम परदेशात, दिवाळीला चार दिवस होते. लॉनला काळोखी यावी म्हणून आम्ही हिराकस (फेरस सल्फेट) फवारला. लोहाने रंग गर्द होतो, ते खरंच आहे. मधून पांढऱ्या दगडाची पायवाट गेली होती. वाऱ्याने फवारा तिच्यावर गेला, मुलांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी केअरटेकर काकांचा फोन आला. जाऊन बघतो तर पायवाटेवर नाण्याएवढे नारिंगी, गंजाचे डाग. पाण्याने घासून एकही निघाला नाही.

मोठं घर जाणार असं वाटून पोटात गोळा आला होता. संध्याकाळपर्यंत थांबलो नाही. डागांचे जवळून फोटो काढले आणि मॅडमना लिहिलं: चूक आमची आहे, डाग हिराकसचे आहेत, उद्या सकाळी पॉलिशवाला येतोय, खर्च माझा. तासाभराने उत्तर आलं, "ठीक आहे. झालं की कळवा." पॉलिशला तीन दिवस आणि जवळजवळ महिन्याची कमाई गेली. ते घर आजही आमच्याकडे आहे आणि त्यांच्या बहिणीचंही त्यानंतरच मिळालं. हिराकस मारायचा तर आता आधी पायवाटेवर ताडपत्री पडते आणि काम झाल्यावर दगडावर लगेच पाणी मारलं जातं.

कळवण्याची पद्धत साधी ठेवा. दर फेरीनंतर व्हॉट्सअॅपवर तीन फोटो, दर वेळी त्याच तीन जागांवरून, आणि दोन ओळी: आज काय केलं, पुढे काय दिसतंय. लांबलचक माहिती कोणी वाचत नाही. पण सहा महिन्यांनी "हा कोपरा कधी बिघडला?" असा प्रश्न आला की उत्तर तुमच्या फोनमध्ये तारखेसह असतं.

पार्टी आणि झाडं

लग्न, वाढदिवस, एकतीस डिसेंबर यांची तारीख केअरटेकरकडून आधीच काढून घ्या. तीन दिवस आधी कापणी करायची आणि आदल्या दिवशी पाणी बंद ठेवायचं, म्हणजे जमीन टणक राहते आणि टाचा रुतत नाहीत. मांडववाल्याला पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते खुणेच्या काठ्या लावून दाखवा, नाहीतर खुंटी नेमकी पाइपातच जाते. मॅटिंग चोवीस तासांत उचललं नाही तर खालचं गवत पिवळं पडतं, ते उचलायची जबाबदारी कोणाची हे लेखी ठरवा.

आणि झाड. साहेब फोनवर म्हणतात, "तो गुलमोहर काढून टाका, लॉनवर सावली येते." शहरी भागात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या आवारातलं का असेना. अर्ज मालकाच्या नावाने करायचा. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत कुऱ्हाड गाडीतून काढू नका. करवत चालवताना पकडला जाईल तो तुमच्या कामावरचा मुलगा.

दुसरं घर

पहिलं घर वर्षभर नीट सांभाळलं की शेजारून विचारणा येते. तीच घरं घ्या जी त्याच रस्त्यावर किंवा पंधरा मिनिटांवर आहेत. लोणावळ्यात एक, अलिबागला एक, पुण्यात दोन अशी घरं घेतलीत तर मुलं दिवसभर टेम्पोतच बसून राहतील. एका टोळीत तीन माणसं आणि एक म्होरक्या ठेवा, आणि एका घराला नेहमी तीच टोळी पाठवा; कुत्रासुद्धा नव्या माणसावर भुंकतो. दर वर्षी एप्रिलमध्ये दर वाढवायचा असेल तर फेब्रुवारीत पत्र द्या, त्याच निरोपात उन्हाळ्यातल्या टँकरचा हिशोबही जोडा.